चौथी स्प्रिंग

स्प्रिंग अण्णांच्या डाव्या मनगटापासून चार बोटांवर पडली होती. गुंडाळलेली, करंगळीच्या नखाएवढी, पोलादी. टेबलावर अंथरलेल्या वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर ती मुंगीपेक्षा ठळक दिसत होती. अण्णांचा उजवा हात तिच्या शोधात फिरत होता. त्यानं समोरची चिंधी उचलून झटकली. रॉकेलची वाटी सरकवून तिच्याखाली पाहिलं. स्टार्टर मोटरचं रिकामं कवच उलटं करून दोनदा आपटलं. डावा हात मात्र टेबलावर निवांत पडून होता आणि स्प्रिंग त्याच्या शेजारी तितकीच निवांत होती. हल्लीच्या वस्तूंना जागेवर बसायची शिस्त राहिलेली नाही, असं अण्णांचं म्हणणं पडलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच, असं समोर टॉर्च धरून उभ्या असलेल्या थोरलीच्या मनात आलं.

थोरली म्हणजे अण्णांची मोठी मुलगी. शहराच्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती नोकरी करायची, म्हणून अण्णा तिला ‘प्रयोगशाळा’ म्हणत. काय म्हणते प्रयोगशाळा, प्रयोगशाळेनं चहा घेतला का, असं. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मोजण्याचं उपकरण अजून निघालेलं नाही.

अण्णांना दिसत नाही असं कुणी म्हणालं असतं तर ते खोटं ठरलं असतं. आत्ताच त्यांनी नव्या कार्बनच्या ठोकळ्यावर कोरलेले आकडे चष्म्याशिवाय वाचून दाखवले होते आणि ते जावयाला चष्मा लावूनही वाचता आले नव्हते. समोरचं त्यांना घारीसारखं दिसायचं. पण घारीला सगळं रान दिसतं. अण्णांना दिसायचं ते नळीतून पाहावं तसं. काचबिंदूनं नजरेच्या कडा कुरतडत आणल्या होत्या, डावीकडच्या जास्त. आणि या दुखण्याचा लबाडपणा असा, की कुरतडलेली जागा काळी दिसत नाही. तिथं अंधार नसतो, भोक नसतं. तिथं काही नाहीच, असं माणसाला वाटतं. आणि जे नाहीच, त्याचा शोध कोण कशाला घेईल?

डॉक्टरांनी हे सगळं पडद्यावरचे ठिपके दाखवून नीट तपासलं होतं आणि नीट सांगितलंही होतं. फक्त सांगितलं ते आईला आणि थोरलीला, अण्णा तपासणीच्या खोलीतून बाहेर येईपर्यंत. गाडी चालवायची नाही, त्यांना समजावून सांगा, असं म्हणून डॉक्टर पुढच्या रोग्याकडे वळले. डॉक्टरांनी जबाबदारी आईकडे दिली, आईनं थोरलीकडे, थोरलीनं धाकट्या बहिणीकडे, धाकटीनं नवऱ्याकडे, म्हणजे जावयांकडे, आणि जावयांनी ‘योग्य वेळ’ नावाच्या कुणातरी पाहुण्याकडे. तो पाहुणा अजून यायचा होता. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला उंदीर घाबरतात हे समजू शकतं. या घरात सगळ्या उंदरांनी आपापसांत ठरवून टाकलं होतं, की मांजरच ऐकून ऐकून शहाणं होईल.

वर आणखी एक शहाणपण त्यांनी केलं. अण्णांना काही कळू नये म्हणून घरातली प्रत्येक वस्तू हळूच मध्यावर सरकवायची रीत पडली. चहाचा कप डावीकडे ठेवला गेला तर आई तो जाता जाता उजवीकडे करायची. अर्धवट उघडं दार कुणीतरी भिंतीला टेकवायचं. वाटेतली चप्पल पायानं बाजूला व्हायची. गेटच्या डाव्या खांबाजवळ एक लाल प्लास्टिकची खुर्ची असायची. अण्णा सकाळी सावलीला तिथं बसत आणि खुर्ची तिथंच टाकून उठत. पाचव्या मिनिटाला ती कुणीतरी उचललेली असायची. असं करता करता अण्णांचं जग इतकं गुळगुळीत झालं होतं, की ठेच लागायला जागाच उरली नव्हती. आणि ज्याला ठेच लागत नाही, त्याला आपली नजर शाबूत आहे असंच वाटणार.

ही सगळी माया होती, प्रेम होतं. थोरलीला अलीकडे त्या प्रेमाची शिसारी यायला लागली होती, आणि त्यात तिचाही हात होता म्हणून जास्तच.

रस्त्यावर मात्र चपला सरकवणारं कुणी नव्हतं. मागच्या थंडीत एक सायकलवाला दूधवाला अण्णांच्या गाडीच्या डाव्या अंगाला घासून पडला. हँडल वाकलं, कोपर सोलवटलं, दूध रस्त्यावर सांडलं. अण्णांनी भरपाई दिली, पण घरी येऊन निकाल दिला, की तो माणूस जमिनीतून उगवला. समोर कुणी नव्हतं आणि एकदम होता. सगळ्यांनी माना डोलावल्या. दूधवाल्यांना शिस्तच नसते, असं जावईही म्हणाले.

आणि मग, देवानं ऐकावं तशी, गाडीची स्टार्टर मोटर रुसली.

किल्ली फिरवली की बॉनेटखालून एकच आवाज यायचा, टक्. दार वाजवून पळून जाणाऱ्या पोरासारखा. इंजिन फिरायचं नाव नाही. सुरुवातीला मोटरवर पान्याच्या दांड्यानं टपली मारली की ती हलायची. पुढं टपलीलाही जुमानेना. सगळं घर तोंडानं हळहळलं आणि मनातून सुटलं. आई तर त्या मोटरबद्दल असं बोलायची, जणू घरातली एकुलती एक कर्ती बाई तीच. जे बोलायला तीन शिकलेल्या माणसांची जीभ रेटली नाही, ते एका लोखंडाच्या ठोकळ्यानं बोलून दाखवलं होतं. अक्कल माणसाला असते आणि धमक लोखंडाला, अशी वाटणी झाली होती.

पण अण्णा म्हणजे गॅरेजमध्ये गाडी पाठवून स्वस्थ बसणारे नव्हेत. उभा जन्म त्यांनी वजनमापं खात्यात निरीक्षक म्हणून काढला होता. दुकानदारांचे तराजू, पेट्रोलचे पंप, कापडवाल्यांचे गज, सगळ्यांवर संशय घ्यायचा त्यांना पगार मिळायचा आणि निवृत्तीनंतर तेच काम ते फुकट करत. गॅरेजवाला म्हणजे कोण, तर ज्याला बिघाड सापडत नाही पण बिल सापडतं, ही त्यांची व्याख्या होती. टपली मारल्यावर चालते म्हणजे कार्बन झिजलेत, हे निदान त्यांनी गाडीला हात न लावता केलं. ते बरोबर होतं, हे थोरलीला कबूल करावंच लागलं. मोटरच्या पोटात चार कार्बनचे ठोकळे असतात. स्प्रिंग त्यांना फिरत्या तांब्यावर दाबून धरते आणि त्यातून वीज आत जाते. ठोकळा झिजला की स्प्रिंगचा जोर पोचत नाही. टपलीनं क्षणभर टेकतो, मग पुन्हा अधांतरी.

सुट्टीच्या दिवशी सकाळीच त्यांनी बॅटरीची वायर सुटी करून मोटर खाली उतरवली, गेटजवळ खुर्चीत बसून तिचे नट घासले आणि मग मागच्या व्हरांड्यातल्या टेबलावर पोट फाडायला घेतलं. थोरली हाताखाली होती. ती टॉर्च धरायची, काढलेल्या वस्तू ओळीनं मांडायची, आणि अर्थातच मध्यावर सरकवायची. जावई बघायला आले होते.

जावई विमा कंपनीत होते. धोका म्हणजे काय हे लोकांना समजावून सांगण्याचं त्यांचं काम, आणि ते काम ते झकास करत असावेत, कारण स्वतःच्या वाटेचा धोका त्यांनी कायम दुसऱ्याच्या नावावर केलेला असायचा. मोटर उघडताना त्यांनी तीन सल्ले दिले. तिन्ही सल्ल्यांचा सारांश नवी मोटर घ्या असा होता. अण्णा म्हणाले, जावईबापू, तुमचा हात दुखला तर तुम्ही नवा हात घेता का? जावई हसले. अण्णांच्या प्रत्येक टोल्याला हसायची त्यांना सवय होती; तो त्यांचा हप्ता होता.

आणि मग अण्णांनी सहज, कार्बनची वायर वाकवता वाकवता, उद्याचा बेत सांगितला. गाडी आज चालू होतेय. उद्या नातीला शाळेतून घेऊन पोहण्याच्या तलावावर मीच नेतो. पोर रोज त्या व्हॅनमध्ये कोंबडीसारखी कोंबून येते.

नात म्हणजे या जावयांचीच मुलगी. थोरलीनं जावयांकडे पाहिलं. जो माणूस परक्याच्या पोराच्या विम्यात दहा कलमं घालतो, तो स्वतःच्या पोरीसाठी एक वाक्य बोलेल, असं तिला वाटलं. जावई म्हणाले, “हो, चालेल की अण्णा. तिलाही मजा येईल.”

तेवढं बोलून ते पाणी प्यायला म्हणून आत गेले. थोड्या वेळानं आईनं थोरलीला हाक मारली.

स्वयंपाकघरात दोघंही ओट्याला टेकून उभी होती, जणू परीक्षेचा पेपर फोडायला जमली असावीत. आई हलक्या आवाजात म्हणाली, की तू काहीतरी कर. जावयांनी ‘काहीतरी’चा अर्थ लावून दिला. मोटरमध्ये इतके बारीक भाग असतात. एखादा हरवला की झालं. जुन्या मॉडेलचा भाग, मिळायला महिनोन् महिने लागतात. तोवर बघू.

“आपण कशाला वाईट व्हायचं?” आई म्हणाली. “मोटरच सांगतेय तर सांगू दे तिला.”

थोरलीनं जावयांना विचारलं, की मुलगी तुमची आहे, तर तुम्हीच का सांगत नाही. जावयांनी तोंड असं केलं, की जणू तिनं त्यांना अंगावरचा सदरा मागितला. ते या घरचे जावई. त्यांनी सासऱ्यांना असं बोलणं बरं दिसेल का? पुन्हा अण्णा रागावले, दुखावले, त्यांचं ब्लडप्रेशर वाढलं, तर जन्मभर बोल कुणाला लागणार? ताई, तुमचं ते ऐकतात. तुम्ही सायन्सवाल्या.

म्हणजे पोरीचा जीव एका पारड्यात आणि जावईपणाचा मान दुसऱ्यात, आणि काटा मानाकडे झुकलेला. थोरली बाहेर आली. बोलण्यासारखं तिच्याकडे पुष्कळ होतं, पण ते सगळं तिला स्वतःलाही लागू पडत होतं.

ती बाहेर आली तेव्हा तीन स्प्रिंगा जागेवर बसल्या होत्या आणि चौथी उडून अण्णांच्या मनगटाशेजारी पडली होती.

अण्णा शोधत राहिले. थोरलीनं टॉर्च डाव्या हातात घेतला आणि उजव्या हाताची मूठ वर्तमानपत्राच्या कडेवर ठेवली. मग मूठ उघडली आणि मिटली. स्प्रिंग आत आली. अण्णांचं डोकं तिच्या हातापासून वीतभर अंतरावर होतं. त्यांना काहीही दिसलं नाही. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या जावयांना मात्र लगेच दिसलं. त्यांनी मान डोलावली, शाबासकी दिल्यासारखी.



ती लहान असताना अण्णा तिला एकदा बाजारात घेऊन गेले होते. एका दुकानापाशी थांबून त्यांनी तिला नुसतं बघत राहायला सांगितलं होतं. दुकानदार तोलत होता, गोड बोलत होता, गिऱ्हाइकाच्या पोराला गोळी देत होता, आणि त्याचा अंगठा पारड्याच्या कडेला टेकलेला होता. दाबलेला नव्हे, नुसता टेकलेला. घरी येताना अण्णा म्हणाले होते, की हरामखोर कधी वजन चोरत नाही, तो फक्त अंगठा टेकवतो, आणि वरून गोड बोलतो.

आता या घरात सगळ्यांचे अंगठे अण्णांच्या पारड्याला टेकलेले होते. कप सरकवणारा, दार लोटणारा, खुर्ची उचलणारा, आणि हा चौथा, मुठीत स्प्रिंग धरणारा. आयुष्यभर दुसऱ्यांचे अंगठे पकडलेला माणूस स्वतःच्या घरात रोज खोट्या मापानं तोलला जात होता आणि समाधानानं ढेकर देत होता.

तिनं मूठ उघडली. स्प्रिंग उचलली होती तिथंच, बरोबर त्या कोऱ्या कडेवर ठेवली. मध्यावर सरकवली नाही.

“अण्णा, डावीकडे आहे. मनगटाजवळ.”

अण्णांनी मान वळवली, तेव्हा कुठं ती त्यांना दिसली. “माहीत आहे मला,” ते म्हणाले. “पाहिली होती मघाशी.” दारातल्या जावयांच्या चेहऱ्यावर फसवणूक झालेल्या गिऱ्हाइकाचा भाव आला.

पुढचं काम अण्णांनी सुरेख केलं, त्याला नाव ठेवायला जागा नाही. चौथी स्प्रिंग चिमट्यानं बसवली, चारही ठोकळे मागे खेचून तांब्याचा गोल आत सरकवला, झाकण लावलं, दोन लांब बोल्ट आवळले. बसवायच्या आधी बॅटरीच्या जाड वायरी जोडून तिथंच तपासायचं ठरलं. थोरलीनं मोटर पायाखाली दाबून धरली. वायर टेकताच ठिणगी पडली आणि मोटर पायाखाली उसळून घरघरली, भांडायला उठल्यासारखी. अण्णांनी जावयांकडे पाहिलं. काही न बोलता इतकं बोलणं फार थोड्यांना जमतं.

मोटर गाडीत चढली. बॅटरीची वायर लागली. अण्णा आत बसले, किल्ली फिरवली, आणि इतके दिवस टक् करून पळणारं पोर या वेळी घरात शिरलं. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. आईनं पदरानं तोंड पुसलं. आनंद झाल्यावर हसतात तशी ती हसली, पण तिचे डोळे गेटकडे गेले.

गेटच्या डाव्या खांबाजवळ लाल खुर्ची होती. सकाळपासून या गडबडीत ती उचलायची राहिली होती. गाडीचं तोंड गेटकडे होतं, मध्ये मोकळं अंगण. आंधळ्यालाही दिसावी अशी लाल.

“एक चक्कर मारून येतो,” अण्णा खिडकीतून म्हणाले. “गेट उघडा.”

जावयांनी धावत जाऊन गेट उघडलं आणि त्याच झपाट्यात, सवयीनं, खुर्चीच्या पाठीला हात घातला. थोरली त्यांच्या मागोमाग आली होती. तिनं त्यांचं मनगट धरलं.

“राहू दे ती.”

“अहो ताई, पण—”

“राहू दे. आणि बाजूला या.”

तिनं त्यांना खांबाच्या मागे ओढलं. आई पायरीवर पदराचं टोक धरून उभी राहिली. न बोलण्याची तिला सवयच होती. गाडी हळूहळू पुढं आली. अण्णा ताठ बसले होते, नजर सरळ, उघड्या गेटाच्या बरोबर मध्यावर. त्या मध्यावर काही नव्हतं. गाडीनं लाल खुर्ची डाव्या कोपऱ्यावर घेतली, खांबाशी दाबली, आणि प्लास्टिक असं तडकलं, की समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागलं.

इंजिन बंद झालं. अण्णा उतरले, पुढून वळसा घालून आले आणि थांबले. आता खुर्ची त्यांच्या समोर होती आणि त्यांना ती अगदी स्वच्छ दिसत होती. एक पाय मोडून बंपरखाली गेला होता.

“ही इथं कुणी ठेवली?”

“तुम्ही,” थोरली म्हणाली. “सकाळी नट घासताना.”

“मग उचलली का नाही कुणी? घरात इतकी माणसं काय झोपा काढतात?”

जावई गेटची कडी लावून आणि काढून पाहत होते. कडीत बिघाड नव्हता.

“रोज उचलतो, अण्णा,” थोरली म्हणाली. “म्हणून तुम्हाला वाट मोकळी वाटते.”

अण्णांच्या तोंडावर नेहमीचा तुच्छतेचा भाव आला, ओठाचा एक कोपरा खाली ओढणारा. तो टिकला नाही. त्यांनी जावयांकडे पाहिलं. जावयांनी कडीकडे पाहिलं. अण्णांनी बायकोकडे पाहिलं. ती पायरीवर उभी राहून कोरडे हात पुसत होती. बिघाड शोधणाऱ्या माणसाची नजर एकेक भाग तपासत गेली आणि शेवटी थोरलीवर येऊन थांबली.

“तो दूधवाला?”

“तो जमिनीतून उगवला नव्हता. कोपऱ्यापासून येत होता. डावीकडून.”

बुटाच्या टोकानं अण्णांनी खुर्चीचा मोडका पाय हलवून पाहिला, मग बंपरवरचा लाल ओरखडा अंगठ्यानं पुसायचा प्रयत्न केला. तो पुसला गेला नाही.

“म्हणजे इतके दिवस सगळे अंगठा टेकवून होतात,” ते म्हणाले. जाब विचारण्याचा सूर नव्हता. पंचनामा लिहून घेतल्यासारखं म्हणाले. “तूसुद्धा.”

“मीसुद्धा.”

“डॉक्टर काय म्हणाला होता?”

“सांगते.”

“पुटपुटू नकोस. निकाल द्यायचा तर दुकानदाराच्या तोंडावर द्यायचा असतो. बोल.”

थोरलीनं हात पुढं केला, किल्लीसाठी.

“अण्णा, यापुढे गाडी तुम्ही चालवायची नाही. उद्या नाही, आणि कधीच नाही.”